काटा मध्यावर येताना

जुना कॅमेरा विकत घ्यायचा असेल तर डोळ्याला लावण्याआधी तो कानाशी धरावा. आत रोल नसताना शटरची चकती १ वर आणावी, लिव्हर ओढावी आणि बटण दाबावं. पडदा उघडतो, आतली बारीक दातेरी चाकं कुरकुरत एक सेकंद मोजतात आणि पडदा मिटतो. मग अर्धा सेकंद, मग पाव, मग अष्टमांश. दर खेपेला काळ आधीच्या निम्मा. ठाय, दुगुण, चौगुण ऐकत वाढलेल्या कानाला त्यातला बिघाड घड्याळाशिवाय कळतो. वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिलेल्या यंत्रातलं वंगण घट्ट झालेलं असतं. मग सेकंद रेंगाळतो, कधी पडदा अर्ध्या वाटेत थबकतो. शटर निरोगी असेल तर मात्र तो एक सेकंद ऐकत राहावासा वाटतो. काळाचा नेमका तुकडा कापून असा कानावर घालणारी यंत्रं थोडीच.

हे सगळं सध्या मनात घोळतंय ते भाचीमुळे. ती कलामहाविद्यालयात शिकते. फोनवर उत्तम फोटो काढते, मैत्रिणीच्या डिजिटल कॅमेऱ्यावरही तिचा हात बसला आहे. आता तिला रोलचा कॅमेरा हवा आहे. “मावशी, मिरवायला नकोय गं, शिकायला हवाय,” असं ती म्हणाली आणि मी तिचं म्हणणं मनावर घेतलं. हौसेला कुठलाही कॅमेरा चालतो. शिकायला असा हवा, जो प्रकाश, वेळ आणि अंतर या तिन्ही गोष्टी आपल्या बोटांवर सोपवतो आणि मग मधे पडत नाही.

तसे घराघरांतल्या माळ्यांवर कॅमेरे आहेतच. भारतात बनलेला अ‍ॅग्फा क्लिक थ्री कितीतरी मराठी कुटुंबांच्या मुंजी, बारशी आणि महाबळेश्वरच्या सहली पाहून आला आहे. १२० चा रोल, त्यावर बारा चौकोनी फोटो. पुढच्या पिढीत याशिकाचा एमएफ-२ आला. रोल भरायचा, अंधार असेल तर फ्लॅश उघडायचा आणि बटण दाबायचं. आपल्या आज्यांचे तरुणपणचे चेहरे या डब्यांनी राखून ठेवले, त्यांचं ऋण मोठं आहे. पण शिकणाऱ्याच्या बोटांना त्यांच्यावर काम फार थोडं. फोकस कायमचा बसवलेला, वेग ठरलेला. असा कॅमेरा वर्षभर वापरला तरी प्रकाशाशी ओळख होत नाही, कारण प्रकाशाबद्दल तो आपल्याला जवळजवळ काही विचारतच नाही.

म्हणून माझं उत्तर पेंटॅक्स के-१०००. जपानच्या असाही कंपनीने तो १९७६ साली काढला आणि १९९७ पर्यंत तो जवळपास तसाच बनत राहिला. दरम्यान कॅमेऱ्यांत मोटारी आल्या, आपोआप फोकस करणाऱ्या लेन्स आल्या, छोटे पडदे आले. हा मात्र धातूचा, जड, साध्या तोंडवळ्याचा, जिथे होता तिथेच राहिला. जगभरच्या फोटोग्राफीच्या वर्गांत विद्यार्थ्यांच्या गळ्यात हाच दिसायचा. त्याचं शटर स्प्रिंगा आणि चाकांवर चालतं, सेकंदापासून सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत. शर्टाच्या बटणाएवढा एक सेल लागतो, तोही फक्त प्रकाश मोजणाऱ्या मीटरपुरता. तो संपला तरी कॅमेरा थांबत नाही. मीटर बंद करायला वेगळी कळ नाही, लेन्सवर झाकण ठेवलं की पुरे. आणि आत पाहिलं तर जवळजवळ काही नाही. मोठी मोकळी चौकट, फोकस जुळवायला मधे एक छोटं वर्तुळ, उजव्या कडेला एक काटा. वर अधिक, खाली उणे.

या काट्यासाठी मी हा कॅमेरा सुचवते.

खिडकीकडे रोखला की काटा वर उसळतो, खोलीच्या कोपऱ्याकडे वळवला की खाली बसतो. तो मध्यावर आणायला हाताशी दोन गोष्टी. लेन्सवरची कडी फिरवली की आतलं भोक लहानमोठं होतं: २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. दर पायरीला आत येणारा प्रकाश निम्मा होतो. आणि वरची शटरची चकती: ३०, ६०, १२५, २५०, ५००. तिथेही प्रत्येक पायरी निम्मी. कडी एक पायरी मिटली आणि चकती एक पायरी संथ केली, तर काटा होता तिथेच. सगळं शिक्षण या एका खेळात आहे. पन्हाळीतून पडणारी पावसाची धार घ्या. हजाराव्या भागात तिचे थेंब सुटे होऊन हवेत उभे राहतात, पंधराव्या भागात तीच धार धुरासारखी मऊ होते. दोन्ही वेळी काटा मध्यावर. प्रकाश पुरेसा आहे एवढंच तो सांगतो. धार कशी दिसावी हे ठरवणारं माणूस कॅमेऱ्याच्या अलीकडे उभं असतं, आणि भाचीला मला तिथे उभं करायचं आहे.

पुढचा धडा याहून अवघड आणि माझ्या आवडीचा. काट्याला रंग कळत नाही, पांढरं कळत नाही, काळंही कळत नाही. समोरचं जग सरासरीने मध्यम राखाडी आहे असं धरून तो बोलतो. आषाढात ढगाळ आभाळाखाली दिंडी चालली आहे, चौकटभर पांढरे सदरे, पांढऱ्या टोप्या. काट्याचं ऐकलं तर तो सगळा शुभ्रपणा मळकट राखाडी उतरतो. तिथे त्याला बाजूला ठेवून एक-दीड पायरी जास्त प्रकाश आत घ्यावा लागतो. आता काळ्या पाषाणाच्या देवळासमोर उभे राहा, भिजलेल्या भिंतीने चौकट भरू द्या. काटा म्हणेल, अंधार आहे, अजून उघड. तसं केलं तर सह्याद्रीचा तो काळा दगड फिका पडतो. इथे एक पायरी कमी. काट्याचं कधी ऐकायचं आणि कधी नाही हे उमजायला आधी तो समोर हलताना दिसावा लागतो. स्वतःच हिशेब करून मोकळ्या होणाऱ्या कॅमेऱ्यात हा मतभेद घडतच नाही, आणि मतभेदाशिवाय स्वतःचं मत तयार कसं व्हावं?

कधी काटाही नसला तरी चालतं. स्वच्छ उन्हात लेन्स एफ १६ वर ठेवावी आणि शटरचा वेग रोलवरच्या आकड्याच्या आसपास: शंभरचा रोल असेल तर १/१२५, चारशेचा असेल तर १/५००. देशावरच्या मार्चमधल्या उन्हात हा हिशेब डोळे मिटून करावा. पावसाळी कोकणात तो तुटतो. भर दुपारी दिवा लावावा असं आभाळ उतरतं, चारशेच्या रोलवरही आपण एफ ४ आणि १/६० पर्यंत खाली येतो, माजघरात शिरलो तर एफ २ आणि १/१५, तेही खांबाला टेकून, श्वास रोखून. असे आकडे महिनोन्‌महिने बोटांतून गेले की प्रकाशाला अंगावर वजन येतं. फोटो काढायचा नसतानाही माणूस रस्त्याने जाताना मनात म्हणतो, इथे ५.६, या कमानीखाली २.८. ती सवय लागली की मीटरचा सेल संपल्याचं काही वाटत नाही.

दुसरे कॅमेरे आहेत, आणि त्यातले काही के-१००० पेक्षा सरस आहेत. निकॉनचा एफएम २, १९८२ चा, पूर्ण यांत्रिक आणि सेकंदाच्या चार हजाराव्या भागापर्यंत धावणारा. चांगल्या स्थितीतला मिळाला आणि किंमत पेलवली तर बिनदिक्कत घ्यावा. त्याच घराण्याच्या नावाने कोसिनाने बनवलेला एफएम १० हलका, थोडा प्लॅस्टिकचा, पण शिकवायला प्रामाणिक. ऑलिंपसचा ओएम-१ हातात घेतला की सोडवत नाही. योशिहिसा माइतानी यांनी त्याला इतकं लहान आणि शांत केलं की यंत्र हातात आहे हे विसरायला होतं. पण तो पाऱ्याच्या सेलवर बेतलेला. ते सेल बंद झाले, आजच्या साध्या सेलचा दाब जास्त असतो आणि मीटर चुकीचं सांगू लागतो. त्यावर उपाय आहेत, पण ते माहीत असलेला माणूस लागतो. कॅननचा एई-१ देखणा आहे, तरुण मुलांच्या गळ्यात तोच जास्त दिसतो. त्याचं शटरच विजेवर चालतं, सेल संपला की तो मुका. सोव्हिएत झेनिट बॅटरीशिवाय चालतो आणि त्याची हेलिओस लेन्स पाठीमागच्या पानांचा जो भोवरा करते तो एकदा तरी पाहावा. पण त्याच्या काळोख्या व्ह्यूफाइंडरमधून फोकस शिकणं नवख्याला जड जातं. नवाकोरा हवा तर २०२४ साली पेंटॅक्स १७ आला आहे, एका रोलवर दुप्पट फोटो काढणारा. तो आला याचा मला मनापासून आनंद झाला, कारण रोलचा कॅमेरा अजून कुणालातरी बनवावासा वाटतो. शिकण्यासाठी मात्र मी तो देणार नाही. भोकाची उघडमीट आणि वेग तो स्वतः ठरवतो.

लेन्स एकच. पन्नास मिलिमीटरची, एफ २ किंवा त्याहून उघडी. बहुतेक वेळा ती कॅमेऱ्यासोबतच मिळते. झूम मिळत असला तरी पहिलं वर्ष तो घेऊ नये. जवळचा चेहरा हवा असेल तर चार पावलं पुढे जावं, वाड्याचा अख्खा दरवाजा हवा असेल तर समोरच्या दुकानाच्या पायरीवर चढावं. अंतर पायांनी मोजलं की चौकट आपोआप आधी डोळ्यात तयार होऊ लागते.

भाचीने विचारलं होतं की फोटो लगेच दिसत नाही याचा त्रास होणार नाही का. होईल. आणि त्याच त्रासापाशी माझं मन सर्वांत जास्त रेंगाळतं. बटण दाबल्यावर फिल्मवरच्या चांदीच्या क्षारांच्या कणांत, जिथे जिथे प्रकाश पोचला तिथे, चांदीचे मूठभरही नसतील इतके थोडे अणू मोकळे होतात. त्या क्षणी फोटो तयार आहे, आणि जगातलं कुठलंही भिंग तो दाखवू शकत नाही. डेव्हलपर त्या चिमूटभर चांदीला धरून अख्खा कण काळा करतो, तेव्हा तो दिसतो. तोवर अंधारात, डबीत, खिशात एक पूर्ण पण न दिसणारं चित्र आपल्यासोबत फिरत असतं. १८९७ साली तीन स्वीडिश माणसं हायड्रोजनच्या फुग्यातून उत्तर ध्रुवाकडे निघाली आणि बर्फात उतरून कायमची हरवली. त्यांच्यातला निल्स स्ट्रिंडबर्ग फोटो काढत होता. ३३ वर्षांनी, १९३० साली, व्हाइट आयलंड नावाच्या बेटावर त्यांचे अवशेष सापडले, त्यात फोटो काढलेली फिल्मही होती. स्टॉकहोममध्ये जॉन हर्त्सबर्ग यांनी ती धुतली आणि ९३ चित्रं वर आली. बर्फावर आडवा पडलेला फुगा, त्याच्याकडे पाहत उभी असलेली दोन माणसं. फोटो काढणारा तो कधीच पाहू शकला नाही. भाचीचा रोल आठवडाभरात धुतला जाईल, पण ती जी वाट पाहणार आहे ती याच जातीची.

आणखी एक गोष्ट मला तिला पट्टी हातात देऊन दाखवायची आहे. ३५ मिलिमीटरची ही फिल्म मुळात सिनेमाची. वेट्झलारच्या लाइट्झ कारखान्यात काम करणारे ऑस्कर बारनाक यांना दम्याचा त्रास होता, डोंगरात जाताना काचेच्या प्लेटांचा जड कॅमेरा झेपत नसे. १९१३-१४ च्या सुमारास त्यांनी सिनेमाची पट्टी छोट्या कॅमेऱ्यात आडवी घातली आणि सिनेमाची चौकट दुप्पट केली, २४ बाय ३६. मधे महायुद्ध आलं. १९२५ मध्ये तो कॅमेरा लायका नावाने बाजारात उतरला, आणि आज ज्याला आपण साधा रोल म्हणतो त्याचं माप तेव्हाचंच आहे. ज्या सुमारास बारनाक जर्मनीत ही पट्टी आडवी घालत होते, त्याच सुमारास दादरला दादासाहेब फाळके तीच पट्टी उभी चालवत होते. लंडनहून आणलेला विल्यमसन कॅमेरा, बिनभोकांची आलेली कच्ची फिल्म, आणि अंधाऱ्या खोलीत तिच्या कडांना भोकं पाडणाऱ्या त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई. रसायनं कशी कालवायची हेही त्या शिकल्या होत्या. त्याच्या आधी फाळक्यांनी कुंडीतल्या रोपाची वाढ एकेक चौकट उघडत, दिवसांमागून दिवस थांबत टिपली होती. निगेटिव्हच्या कडेची भोकं मोजली तर सिनेमाच्या चौकटीला चार असतात आणि आपल्या फोटोला आठ. भाचीने ती एकदा मोजावीत. आपल्या घरातली बायकामाणसं या पट्टीला शंभर वर्षांपूर्वी हात लावून गेली आहेत हे तिला ठाऊक असलेलं बरं.

धुण्याचं कामही तिने घरीच करावं, कृष्णधवल तरी. पूर्ण अंधारात रोल चकरीवर चढवायचा, टाकीत घालून झाकण लावायचं, मग दिवा लावून रसायनं ओतायची. डेव्हलपर साधारण २० अंशांवर हवा. पुण्याच्या एप्रिलमध्ये नळाचं पाणी त्याच्या कितीतरी वर असतं, तेव्हा माठातलं पाणी आणि बर्फाचे खडे कामी येतात. सोबत एक वही हवीच. फिल्म तारखा-आकडे लिहून ठेवत नाही, म्हणून प्रत्येक फोटोमागे उघडमीट, वेग आणि प्रकाश कसा होता याच्या दोन ओळी आपण लिहायच्या. निगेटिव्ह आणि वही शेजारी ठेवून पाहिलं की पहिल्या तीन-चार रोलांत जेवढं कळतं तेवढं कुठल्या पुस्तकातून कळत नाही.

आता खरेदी. मुंबईत फोर्टमधला बोरा बाजार आहे, चोर बाजारातली मटण स्ट्रीट आहे, पुण्यात जुना बाजार आहे. पण मी भाचीला आधी तिथे नेलं नाही. आधी दुरुस्ती करणाऱ्या काकांकडे नेलं. कॅमेरा निवडण्याआधी तो उघडणारे हात शोधावेत, असं माझं पक्कं मत आहे. ही यंत्रं चाळीस-पन्नास वर्षांची झाली, कुठलीही आज ना उद्या टेबलावर येणारच. ज्या कॅमेऱ्याचे सुटे भाग आपल्या गावातल्या कारागिराच्या डब्यात आहेत तो कॅमेरा आपला, मग त्याचं नाव काहीही असो. काकांच्या डब्यात के-१००० चे होते. छोट्या डब्यांवर बॉलपेनने नावं लिहिलेली, शिडशिडीत बोटांत पेचकस. असे हात आता शोधावे लागतात, आणि ते सापडले की त्यांच्याकडे काम नेत राहणं हे आपल्यासारख्यांचं कर्तव्य आहे.

काय पाहायचं ते त्यांनीच तिला दाखवलं. मागचं दार उघडून कडेचा फोम बोटाने चाचपायचा. काळा डिंक हाताला लागला तर प्रकाश आत शिरणार, फोम बदलायला हवा. सेलच्या खाचेत हिरवट-पांढरा क्षार आहे का. हजाराच्या वेगावर दार उघडं ठेवून आभाळाकडे धरलं तर संपूर्ण चौकट उजळते की एक कड अंधारी राहते. लेन्समधून टॉर्च मारायची. आपल्या दमट हवेत काचेच्या आत कोळिष्टकासारखी बुरशी धरते. कडेला थोडी असेल तर साफ होते, खोल गेली की काचेवरचा लेप खाऊन टाकते. लेन्समधलं भोक लहानमोठं करणाऱ्या पट्ट्या कोरड्या हव्यात, तेलकट नकोत. आणि घरी गेल्यावर चामड्याच्या केसमध्ये कधीच ठेवायचा नाही, चामडं ओल धरतं. स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि पावसाळ्यातही आठवड्यातून एकदा बाहेर काढून लिव्हर ओढायची, सगळे वेग मारायचे. “वापरत राहा,” ते म्हणाले, “न वापरलेलाच जास्त बिघडतो.”

शेवटी के-१००० काकांच्याच ओळखीतून मिळाला, पन्नासची लेन्स लावलेला, वरच्या पत्र्याचा रंग कोपऱ्यांवर झिजून खालचं पितळ दिसणारा. त्यांनी फोम बदलला, शटरची चाकं धुऊन वंगण दिलं, काटा तपासला. भाचीने तो कानाशी धरून सेकंद ऐकला, मग अर्धा, मग पाव, आणि मान डोलावली. चारशेचा कृष्णधवल रोल तिने तिथेच दुकानाच्या कट्ट्यावर बसून भरला, लिव्हर ओढताना उलट बाजूची गुंडी फिरते आहे ना ते पाहिलं, वहीच्या पहिल्या पानावर तारीख घातली. पैसे देऊन निघताना काकांनी तिला परत हाक मारली. “रोल धुतलास की निगेटिव्ह कापू नकोस हं. अख्खी पट्टी इकडे आण. दोन फोटोंमधली जागा सारखी पडतेय का, ते मला बघायचंय.”